दोऱ्याकडून लोकरीकडे

(मंडळाच्या महिला शाखेच्या हिवाळी मेळाव्यात विणकाम वर्गातर्फे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात विणकाम वर्गानेही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली तेव्हा आमच्यापुढे दोन वाटा होत्या. आजवरच्या प्रदर्शनांची आणि पारितोषिकांची यादी वाचून दाखवणे ही एक वाट. ती सोपी होती; परंतु ती यादी अहवालात येणारच आहे. दुसरी वाट अशी, की एकच वस्तू हाती घ्यावी आणि ती कशी करावी, तशीच का करावी आणि कोणासाठी करावी, हे नीट समजावून सांगावे. आम्ही दुसरी वाट पत्करली आहे. ती वस्तू म्हणजे क्रोशाने विणलेला, अंगावर उठाव असलेला, लोकरीचा तिकोनी रुमाल. इकडच्या बाजारात त्याला स्कार्फ म्हणतात.

विषय लहान आहे, हे आम्ही जाणून आहोत. तथापि दिल्लीच्या पौष-माघातल्या थंडीत गळा उघडा ठेवून ज्याने सकाळची बस गाठली आहे, त्याला तो लहान वाटणार नाही.

प्रथम आपण माहेराहून काय घेऊन आलो, ते पाहू. महाराष्ट्रात क्रोशाचे काम बहुतांशी सुती दोऱ्याचे. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, मेजावरचे आच्छादन, उशीच्या अभ्र्याची कड, समईखालचे गोल आसन. रुखवतात ही मंडळी मानाने मांडली जात. बारीक सुई, पीळदार पांढरा दोरा आणि त्यातून उमटणारी मोरांची, कमळांची, कोयऱ्यांची जाळी. या कामाचे सौंदर्य कशात होते, असे विचारले तर उत्तर थोडे चमत्कारिक येते. ते होते जाळीतल्या रिकाम्या जागेत. दोरा जिथे नाही तिथून मागचे लाकूड किंवा रंगीत कापड दिसावे, म्हणून तर जाळी विणायची. उष्ण प्रदेशाला ही कला शोभून दिसली, कारण तिच्यातून वारा खेळतो.

तीच कला घेऊन आपण उत्तरेत आलो आणि इथल्या थंडीने तिला एक निराळाच प्रश्न विचारला. मुंबईत पारा पंधरा अंशांवर आला की कपाटातून स्वेटर निघतात. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे तो चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि धुके दाटले तर दुपारीदेखील ऊन अंगाला लागत नाही. इथे वारा खेळू देणारी जाळी काय कामाची? जी सुई वारा आत घेण्यासाठी चालत होती, तिने आता वारा बाहेर ठेवायचा आणि ऊब आत कोंडायची. आमचे आजचे सारे सांगणे या एका बदलात आले. कसब तेच, टाके तेच. त्यांचे प्रयोजन मात्र उलटे करावे लागते.

ऊब येते कुठून, हे आधी पाहू. लोकर स्वतः गरम नसते. कपाटातली शाल हाताला लावून पाहा, ती खोलीइतकीच गार असते. ऊब आपल्या शरीराची. वस्त्राचे काम ती निसटू न देणे एवढेच. हे काम मुख्यतः लोकरीचा धागा करीत नाही, धाग्याधाग्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि त्यांच्यामध्ये असंख्य बारीक पोकळ्या राहतात. या पोकळ्यांत हवा स्थिर राहिली तर ऊब टिकते. हवा हलू लागली की ऊबही तिच्याबरोबर जाते. माहेरच्या जाळीतली हवा खेळती होती, इथल्या विणीतली हवा कोंडलेली हवी. दोन्ही ठिकाणी आपण विणतो ती हवाच.

लोकरीचा आणखी एक गुण असा, की ती आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही. धुक्याच्या सकाळी याचे मोल कळते. श्वासाचा दमटपणा आणि धुक्याचे दव दोन्ही ती पोटात घेते, आणि गळ्याला गार ओलसर पट्टा बसत नाही.

आता उठावाकडे वळू. साध्या खांबांची विण सपाट असते आणि दोन खांबांमध्ये उभी फट राहते. रुमाल उजेडापुढे धरला तर त्या फटींतून दिवा दिसतो, आणि जिथून दिवा दिसतो तिथून वारा येतो. उठावाच्या विणीत काही खांब मागच्या ओळीच्या खांबांना मिठी मारून पुढे येतात. त्या ठिकाणी विण दुहेरी जाड होते, शेजारी लहानसा खळगा पडतो आणि फटी बऱ्याचशा झाकल्या जातात. रुमाल अंगाला टेकतो तो उंचवट्यांवर. खळग्यांत हवा थांबून राहते. पाहणाऱ्याला ती नक्षी दिसते, घालणाऱ्याला ती ऊब असते. म्हणून आमच्या वर्गात कोणी विचारले, की एवढी कटकट कशाला, साधे खांब घातले तर नाही का चालणार, तर आम्ही तिला दोन्ही प्रकारचे वीतभर तुकडे देऊन दारात वाऱ्याकडे तोंड करून उभी करतो. पुढचे स्पष्टीकरण वारा करतो.

तथापि क्रोशाची विण कितीही दाट केली तरी ती कोटाच्या कापडाप्रमाणे वारा पूर्णपणे अडवीत नाही, हेही सांगितले पाहिजे. बोचऱ्या वाऱ्यात हा रुमाल कोटाच्या किंवा जाकिटाच्या आत घ्यावा. वारा बाहेरचे कापड अडवील आणि ऊब हा रुमाल धरील. आपल्या अंगाभोवतीची गरम हवा वर चढते आणि गळ्याच्या मोकळ्या जागेतून धुराड्यातून जावी तशी निघून जाते. ते तोंड बंद करणे हे या रुमालाचे मुख्य काम होय.

मग तो तिकोनी का? आपल्याकडचे शेतकरी आणि मेंढपाळ घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर खोळ घेत आले आहेत. दुमडून झालेले टोक डोक्यावर आणि बाकीचे वस्त्र पाठीवर, ही रचना दख्खनच्या पावसात आणि थंडीत पिढ्यान्‌पिढ्या कसाला लागलेली आहे. लांब मफलरीला गळ्याभोवती दोन वेढे द्यावे लागतात आणि तिची टोके पुढे लोंबतात. तिकोनी रुमालाचे रुंद पोट छातीवर येते, दोन्ही टोके मागे जाऊन पुन्हा पुढे येतात किंवा मानेमागे बांधली जातात. ऊब जिथे हवी तिथे जास्त कापड आणि जिथे गाठ मारायची तिथे थोडे, असा हा हिशेबी आकार आहे. शिवाय स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईच्या अंगावर पुढे लोंबणारे टोक नसणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही, ती जिवाची गोष्ट आहे. तिच्याविषयी पुढे बोलू.

आता प्रत्यक्ष कृती. मध्यम जाडीची लोकर सुमारे 200 ते 250 ग्रॅम आणि साडेचार मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्यावी. आमच्या हाताने या सुईवर 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 16 खांब आणि 8 ओळी बसतात. प्रत्येकीचा हात निराळा, म्हणून आधी वीतभर नमुना विणून मोजावा. नमुना पुठ्ठ्यासारखा ताठ झाला तर सुई एक नंबर मोठी घ्यावी, कारण आवळलेल्या विणीत हवेला जागाच उरत नाही. तो झिरझिरीत झाला तर सुई लहान घ्यावी.

खांब म्हणजे काय, ते नव्या मुलींसाठी सांगतो. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून लोकर ओढून आणायची, म्हणजे सुईवर तीन फासे होतात. मग लोकर घेऊन दोन फासे सोडवायचे आणि पुन्हा लोकर घेऊन उरलेले दोन सोडवायचे. हा साधा खांब. उठावाच्या खांबात एवढाच फरक, की सुई मागच्या ओळीच्या खांबाच्या माथ्यात घालायची नाही. त्या खांबाच्या उजवीकडून ती पुढून मागे न्यायची, बुंध्यामागून डावीकडे पुन्हा पुढे काढायची आणि लोकर त्या बुंध्याभोवती ओढून आणायची. ओढलेला फासा थोडा सैल व लांब ठेवावा, म्हणजे ओळ आखूड होत नाही.

रुमालाची सुरुवात खालच्या टोकापासून करावी. चार साखळ्या घालून सर्वांत पहिल्या साखळीत चार खांब घालावेत. उरलेल्या तीन साखळ्या एक खांब धरायच्या. म्हणजे पहिल्या ओळीत पाच खांब झाले. प्रत्येक नव्या ओळीच्या आरंभी काम फिरवून तीन साखळ्या घालाव्यात, त्यांना पहिला खांब समजावे, आणि त्याच टाक्यात आणखी दोन खांब घालावेत. ओळीच्या शेवटच्या टाक्यातही तीन खांब घालावेत. अशा रीतीने दर ओळीला दोन्ही कडांना दोन-दोन, म्हणजे एकूण चार खांब वाढतात: पाच, नऊ, तेरा, सतरा.

दोन-दोनच का, याचेही कारण आहे. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. कडेला एकेकच खांब वाढवला तर आकार उंच आणि अरुंद होतो, देवळाच्या शिखरासारखा. दोन-दोन वाढवले की खालचे टोक काटकोनात उघडते आणि वरची रुंदी उंचीच्या दुप्पट होते. गळ्याला हाच आकार नीट बसतो.

मधल्या टाक्यांचा क्रम चार ओळींचा आहे. पहिली ओळ साध्या खांबांची. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांची वाढ सोडून मधले टाके एक उठावाचा, एक साधा, असे घालावेत आणि आरंभ उठावाच्या खांबाने करावा. तिसरी ओळ पुन्हा साधी. चौथ्या ओळीत तोच क्रम, पण आरंभ साध्या खांबाने. त्यामुळे दुसऱ्या ओळीच्या दोन उंचवट्यांमधल्या जागेवर चौथ्या ओळीचा उंचवटा येतो आणि सोंगट्यांच्या पटासारखी चौकडी उमटते. या मांडणीत मधल्या टाक्यांची संख्या नेहमीच विषम येते. म्हणून मधले टाके ज्या खांबाने सुरू झाले त्याच प्रकारच्या खांबाने ते संपले पाहिजेत. उठावाने सुरू होऊन साध्यावर संपले, तर कुठेतरी टाका सुटला आहे असे समजावे आणि तिथेच थांबून शोधावे. वेगळी मोजदाद करण्याची गरज पडत नाही. ओळ आपली साक्ष आपणच देते.

क्रोशाची एक सोय विणकामाच्या दोन सुयांना नाही. इथे सुईवर कामाचा एकच फासा जिवंत असतो, बाकीचे सारे टाके पूर्ण होऊन बसलेले असतात. दारावरची घंटा वाजली, दूध उतू जाऊ लागले, तर तो एक फासा थोडा ओढून ठेवावा आणि उठावे. टाके गळण्याची भीती नाही. घरसंसारात जिला सलग तासभर मिळणे कठीण, तिच्यासाठी ही सुई जणू मुद्दाम घडवलेली आहे.

अशा 48 ओळी झाल्या की शेवटच्या ओळीत 193 खांब येतात. आमच्या मापाने रुंदी सुमारे 120 सेंटिमीटर आणि मधली उंची सुमारे 60 सेंटिमीटर भरते. उठावामुळे विण थोडी आकसते, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतील. शेवटी वरच्या कडेला मुक्या खांबांची एक ओळ फार न आवळता घालावी, म्हणजे गळ्याजवळची कड ताणून सैल पडत नाही.

इथे थोडे गणित करू, कारण ते लोकर विकत घेताना उपयोगी पडते. पूर्ण रुमालात 4,752 खांब होतात. त्यांपैकी पहिल्या 24 ओळींत, म्हणजे निम्म्या उंचीपर्यंत, फक्त 1,224 खांब असतात. जेमतेम पाव हिस्सा. निम्मे काम होते ते 34व्या ओळीला. उरलेल्या 14 ओळींना उरलेली निम्मी लोकर लागते. म्हणून निम्म्या उंचीवर, लोकर भरपूर शिल्लक आहे असे पाहून, तिच्यातली टोपीसाठी बाजूला काढू नये. शेवटाकडे येताना स्वयंपाकघरातला काटा जवळ ठेवावा. एका ओळीला किती ग्रॅम लोकर लागली ते पाहावे, आणि त्याहून थोडी अधिक शिल्लक असेल तरच पुढची ओळ धरावी. टोकापासून विणण्याचा फायदा हा, की लोकर जिथे संपेल तिथे रुमाल पुरा. 48व्या ऐवजी 44व्या ओळीला थांबले तरी तो अर्धवट दिसत नाही, थोडा लहान होतो एवढेच.

लोकर कोणती घ्यावी, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. उत्तर पैशापेक्षा वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. मेरिनो मेंढीची लोकर अतिशय बारीक तंतूची, म्हणून गळ्याला टोचत नाही. राजस्थानकडच्या मेंढ्यांची लोकर जाड आणि खरखरीत, गालिच्यांना उत्तम. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम. गळ्याच्या नाजूक कातडीला मात्र दोन्ही सोसत नाहीत. लुधियानाहून येणारे रंगीबेरंगी गोळे पुष्कळदा ऍक्रिलिकचे असतात. आपण बोलताना त्यांनाही लोकरच म्हणतो, परंतु ती कारखान्यात केलेली असते. ती स्वस्त, धुण्यास सोपी, आणि तिला कसर लागत नाही. हे तिचे गुण खरेच आहेत आणि आम्ही ते नाकारीत नाही.

परंतु अग्नीपुढे दोहोंचा स्वभाव वेगळा आहे, आणि ही गोष्ट प्रत्येकीने स्वतः ओळखून ठेवावी. लोकरीचा वीतभर धागा चिमट्यात धरून, थाळीत पाणी घेऊन त्यावर, काडीच्या ज्योतीला लावून पाहावा. खरी लोकर कुरकुरत करपते, केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत दूर नेली की ती बहुधा आपोआप विझते. मागे चुरगळणारी काळी राख राहते. ऍक्रिलिक भरभर पेट घेते, वितळते, आणि त्याचा तप्त गोळा जिथे पडेल तिथे चिकटतो. हिवाळ्यात शाल पांघरून गॅसजवळ उभे राहणे ही आपल्या सर्वांची सवय. त्या शालीचे लोंबते टोक ऍक्रिलिकचे असेल तर काय होऊ शकते, हे आम्ही अधिक स्पष्ट करून सांगत नाही. म्हणून आमचा आग्रह असा: स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी किंवा शेकोटीपाशी बसणाऱ्या माणसासाठी रुमाल विणायचा असेल तर खऱ्या लोकरीचा विणावा आणि टोके मागे बांधण्याइतका आखूड ठेवावा. ऍक्रिलिकचा रुमाल बाहेर जाण्या-येण्यासाठी खुशाल वापरावा. चुलीपाशी येण्यापूर्वी तो खुंटीवर गेला पाहिजे. तान्ह्या बाळाला मात्र गळ्याभोवतीचा कोणताही रुमाल देऊ नये, गळ्याला आवळण्याचा धोका असतो. बाळासाठी डोक्याला नीट बसणारी टोपी विणावी.

निगा थोडक्यात सांगतो. खरी लोकर गरम पाण्यात घालून चोळली तर ती आटून नमद्यासारखी घट्ट होते आणि मग तिच्यातली हवा गेली ती गेलीच. रिठ्याच्या किंवा लोकरीच्या साबणाच्या गार पाण्यात रुमाल भिजवावा, दाबून काढावा, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सपाट जागेवर सावलीत वाळवावा. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या वजनाने उठाव ओढला जातो आणि चौकडी लांबट होते. फाल्गुनात ठेवणीत टाकताना तो धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावा, कारण कसर मळलेल्या लोकरीवर आधी येते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर त्या कापडाच्या पुरचुंडीत बांधाव्यात आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

आता मोलाविषयी बोलू. मिनिटाला आठ टाके धरले तर 4,752 टाक्यांना 594 मिनिटे लागतात, म्हणजे जवळजवळ दहा तास. बाजारात तयार रुमाल थोडक्या पैशांत मिळत असताना हे दहा तास कशाला खर्चायचे, असा प्रश्न तरुण मुली विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन भागणार नाही.

बाजारातले स्वस्त रुमाल बहुधा यंत्रावर विणलेले असतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण खरे क्रोशाचे काम आजही हातानेच होते. क्रोशासारखे दिसणारे जे कापड यंत्रावर निघते त्याची विण निराळी असते. याचा अर्थ असा, की दुकानात जेव्हा खऱ्या क्रोशाची वस्तू नाममात्र किमतीला दिसते, तेव्हा कोणाचे तरी दहा तास त्या किमतीत बसवलेले असतात. ही कला मूळची आपली नव्हे. तिचे नावही आकडी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले आहे. आयर्लंडमध्ये 1845 ते 1852 च्या भीषण दुष्काळात पुष्कळ घरांना क्रोशाच्या जाळीने अन्न मिळवून दिले. आपल्या देशात आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला रुजवली आणि तिथल्या स्त्रियांच्या हातची जाळी परदेशी बाजारात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषींनी त्या स्त्रियांवर 1982 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले ते असे: दिवसाचे कित्येक तास विणूनही त्या बायकांना कामगार म्हणून मोजले जात नव्हते. त्या गृहिणी, आणि विणकाम हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असे सर्वांनी मिळून ठरवले होते. म्हणून मजुरीही फावल्या वेळाचीच मिळे.

आपल्या घरांतही हे फारसे वेगळे घडले नाही. रुखवतातल्या तोरणाचे कौतुक झाले, त्याच्या तासांचा हिशेब कोणी मांडला नाही. बायकांच्या हातांना काम आणि त्या कामाला किंमत मिळाली पाहिजे, हे ओळखून रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांच्या शिक्षणाला उद्योगाची जोड दिली. त्या विचाराचे ऋण मनात ठेवून आम्ही म्हणतो, की हाताने विणलेला रुमाल विकायचा असेल तर दहा तासांची किंमत लावून विकावा आणि विकत घ्यायचा असेल तर तशीच किंमत देऊन घ्यावी. त्या किमतीला तो परवडत नसेल, तर यंत्रावरचा रुमाल घेण्यात कमीपणा नाही. कोणाचे तरी तास फुकट घेण्यापेक्षा ते बरे.

मग हे दहा तास आपण स्वतः केव्हा द्यावेत? ते दान म्हणून, जाणूनबुजून, मोजून द्यावेत. दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत उपचारासाठी देशभरातून माणसे येतात. त्यांत विदर्भ-मराठवाड्यातूनही येतात. घरून निघताना गावी ऊन असते, पिशवीत एखादी सुती चादर असते, आणि इथे पहाटेच्या धुक्यात त्यांना रांगेत उभे राहायचे असते. त्यांच्यापाठोपाठ शिक्षणासाठी आलेली मुले, पहिल्या नोकरीवर रुजू झालेले तरुण, बदलीवर आलेली कुटुंबे. पहिला हिवाळा प्रत्येकाला अंदाज नसताना गाठतो. आपल्यापैकी ज्या आधी आल्या, त्यांनाही तो तसाच गाठून गेला, आणि तेव्हा शेजारच्या कोणा पंजाबी किंवा गढवाली बाईने लोकर कशी धरायची ते दाखवले, म्हणून आज हा वर्ग चालतो. ते ऋण त्याच बाईला परत देता येत नाही. ते पुढे द्यायचे असते.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त विणकाम वर्गाची सूचना अशी आहे. वर्गातल्या प्रत्येकीने दर हिवाळ्यापूर्वी एक तिकोनी रुमाल मंडळाच्या कपाटात ठेवावा. रांगेत आणि शेकोटीपाशी दिवस काढणाऱ्यांसाठी खऱ्या लोकरीचा किंवा जिच्यात खऱ्या लोकरीचा भाग अधिक आहे अशा लोकरीचा. विद्यार्थ्यांसाठी धुण्यास सोपा. प्रत्येक रुमालाला एक चिठ्ठी जोडावी. तीवर तो कशाचा आहे, कसा धुवावा आणि ज्योतीपासून किती जपावा, एवढेच लिहावे. विणणारीचे नाव नको. ज्याला गरज असेल त्याने मागावा, आणि मागताना कोणी त्याला कारण विचारू नये. लोकरीचा खर्च मंडळाने उचलावा, कारण तास आमचे असले तरी थंडी सर्वांची आहे.

दुसरी सूचना शिकवण्याविषयी आहे. पुष्कळ घरांत आईने किंवा आजीने विणलेली तोरणे काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली आहेत. ती तिथे शोभतात, त्यांना हात लावावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु काचेमागे गेलेली कला पाहता येते, शिकता येत नाही. जिच्या बोटांत अजून ती जाळी आहे, तिने महिन्यातला एक रविवार मंडळात बसावे. मुली आल्या तर मुली, मुलगे आले तर मुलगे. सुईला त्यात भेद नाही. तोरणाऐवजी त्यांना हा रुमाल शिकवावा, कारण जी वस्तू आपल्याच गळ्याला उद्या सकाळी उपयोगी पडणार आहे ती मूल लवकर शिकते. एकदा हात बसला की तोरणाकडे ते आपणहून वळेल.

परप्रांतात आपले काय टिकते, यावर या सभागृहात पुष्कळ व्याख्याने झाली आहेत. आमच्या वर्गाचा अनुभव एवढाच सांगतो, की जे नुसते जपून ठेवले ते जुने झाले आणि जे कामाला लावले ते टिकले. चार साखळ्यांपासून आरंभ करायला आजची संध्याकाळ पुरेशी आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला मेजावर लोकर आणि सुया मांडून ठेवल्या आहेत, शेजारी पाच-पाच खांबांचे नमुने आहेत. चहापानानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी तिथे यावे. पहिल्या चार ओळी आम्ही प्रत्येकीकडून आणि प्रत्येकाकडून करून घेऊ.